बाईंचं चौथं दार

बाईंनी आयुष्यात काहीही फाडलं नाही. बिस्किटाचा पुडा, चहापत्तीचं पाकीट, वाढदिवसाच्या भेटीवरचा चमचमता कागद, काहीच नाही. पुडा हातात आला की आधी तो चारी बाजूंनी फिरवून बघायच्या, जोड कुठं आहे ते शोधायच्या, मग अंबाड्यात खोवलेला काळा प्लास्टिकचा दांडा काढून त्या जोडावरून हलकेच फिरवायच्या. पुडा आपण होऊन उघडायचा. तोवर आमचा चहा गार. एकदा न राहवून मी म्हणालो, "बाई, बिस्किटंच आहेत हो."

त्या म्हणाल्या, "पुड्याला ठाऊक आहे का तुझी घाई?"



घरात मी गोष्ट सांगायला बसलो की तिखटमीठ लावतो, अशी बायकोची कायमची तक्रार. बाईंची गोष्ट मात्र ती मला मधे न बोलता सांगू देते. या गोष्टीत मी आधीच इतका वाईट दिसतो, की वर काही लावायची गरज नाही, असं तिचं म्हणणं.

माझं लातूरला टीव्ही दुरुस्तीचं दुकान. जाडजूड, पाठीला कुबड असलेल्या टीव्हींचा मी नावाजलेला डॉक्टर होतो. डोक्यावर एक थाप मारली की चित्र जागेवर, ही माझी निम्मी विद्या. उरलेली निम्मी म्हणजे थाप नेमकी कुठं मारायची ते. मग पातळ टीव्ही आले. पहिल्या पातळ टीव्हीला मी सवयीनं थाप मारली. त्यापुढचं सांगत नाही. दुसऱ्याच्या पोटातली तारेची चपटी पट्टी ओढून काढायला गेलो, ती कडेनं फाटली. तिसरा मी हात लावायच्या आत गिऱ्हाईकानं परत नेला. दुकानात हलणारी वस्तू म्हणजे पंखाच उरला, तेव्हा कुणीतरी नांदेडच्या बाईंचा पत्ता दिला. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून रिटायर झालेल्या, आता दर रविवारी घरी वर्ग घेतात. इथं जमलं तर जमलं, नाहीतर शटर कायमचं खाली ओढायचं, असं मी बायकोला सांगून निघालो. वय एकेचाळीस. मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं तिची जुनी कंपासपेटी दिली आणि बजावलं, "पप्पा, पुढच्या बाकावर बसा. मागं बसलं की लक्ष लागत नाही."

बाक नव्हतेच. पुढच्या खोलीत एक लांब लाकडी टेबल, त्यावर पांढरी चादर, म्हणजे पडलेला स्क्रू दिसावा. भोवती आठ-दहा स्टुलं. बाकीचे विद्यार्थी विशी-बाविशीचे. त्यांना आधी मीच शिकवायला आलोय असं वाटलं आणि दोघं-तिघं उठून उभे राहिले. तेवढाच काय तो माझा मान.

"नमस्कार मॅडम," मी म्हणालो.

"मॅडम नको. मॅडम म्हटलं की कुणीतरी बिल पुढं करून राहिलंय असं वाटतं मला. बाई म्हण. आणि नळाला हात लावून ये."

अंगणात लोखंडी नळ होता, जमिनीत पुरलेला. टेबलाशी बसण्याआधी प्रत्येकानं त्याला हात लावायचा. अंगातली वीज जमिनीत जाते, नाहीतर बोट लावताक्षणी नाजूक भाग जळतो, एवढं साधं कारण. पण ते बाई महिन्याभरानं सांगायच्या, आधी सवय लागावी म्हणून. पहिल्या दिवशी मी आपला नळाला हात लावला आणि तो हात छातीला लावून डोळे मिटले. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "श्रद्धा चांगली आहे. आता नखं दाखव."

नखं कापलेली लागायची. बाजारातले मेकॅनिक नखानं कडी उचलतात. बाईंना त्याचा राग. "नख खाजवायला असतं," म्हणायच्या. स्क्रूड्रायव्हर तर त्या टेबलावर दिसता कामा नये. हत्यार एकच, तो अंबाड्यातला दांडा. शेपटीच्या कंगव्याची शेपटी तोडून, पॉलिश पेपरवर घासून, टोक चपटं केलेलं. प्रत्येकाला स्वतःचा दांडा स्वतः घासावा लागे. माझा पहिला दांडा बघून त्या म्हणाल्या, "यानं भाकर उलटव."

मग दारं. मोबाइल, लॅपटॉप, पातळ टीव्ही यांच्या पोटात जाड तारा नसतात, रिबिनीसारख्या चपट्या पट्ट्या असतात, पोस्टकार्डाहून पातळ. पट्टीचं टोक बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या एका प्लास्टिकच्या खाचेत बसतं आणि त्या खाचेला इवलीशी कडी असते. ती कडी न उघडता पट्टी ओढली की कारभार आटोपला. बाई त्या खाचांना दारं म्हणायच्या. पहिलं दार वर उचलायच्या कडीचं. दुसरं सरकत्या कडीचं, तिथं कडीचे दोन्ही कान थोडे थोडे, आळीपाळीनं पुढं घ्यायचे; एकच कान ओढला की तो तुटतो. तिसरं टिचबटणाचं, ब्लाउजच्या टिचबटणासारखं सरळ वर उचलायचं, तिरकं नाही. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी मोठ्यानं बोलायचं. बॅटरी काढली? काढली. कडी कुठंय? ही इथं. कुठल्या बाजूला उघडते? त्या बाजूला. मगच दांडा. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, "कडीशिवाय दार नसतं. दिसत नसेल तर दोष डोळ्यांचा." आणि खाली, "जोर लागला की समजायचं, चुकतंय."

हात हलका व्हावा म्हणून अर्धापूरची केळी. केळं सोलायचं आणि आतल्या बाजूला जे पांढरे दोरे असतात ते दांड्यानं वरून खालपर्यंत, न तोडता सोडवायचे. अख्खा दोरा निघाला तर पास. तुटला तर केळं खाऊन दुसरं घ्यायचं. त्या तीन महिन्यांत माझं वजन बरंच वाढलं. बायको विचारायची, "शिकून राहिलात का चरून?"

बाईंचा स्वभाव असा सगळीकडे एकच. एसटीत कुणी खिडकी ओढायला लागलं की या मागून विचारणार, "खटका बघितला का?" जयंतीच्या दिवशी पांढरीशुभ्र साडी नेसून मिरवणुकीला निघाल्या आणि वाटेत ध्वनिक्षेपक बंद पडला, तर तिथंच साडीचा पदर खोचून ट्रॉलीवर चढल्या. पण चढण्याआधी नळ शोधला! गर्दी तटलेली, लोक ओरडताहेत, आणि या रस्त्यापलीकडे एका घरात जाऊन नळाला हात लावून परत. लोकांना वाटलं, बाईंना तहान लागली. पाच मिनिटांत आवाज सुरू झाला. त्यांचे वडील किनवटकडं रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायचे. बाई म्हणायच्या, "आमच्या बापानं जन्मभर घण मारला. मी घण मारायचा नाही असं ठरवलं." आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये त्या पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा मुलं हळू आवाजात म्हणाली, ही काय शिकवणार. त्यांनी त्याच मुलांकडून तीन दिवस नुसते केळ्याचे दोरे काढून घेतले. चौथ्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

आता माझा पराक्रम.

हिमायतनगरला एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे ईसीजीचं मशीन, आणि ते बिघडलं तर छातीत दुखणारा प्रत्येक माणूस दीड-दोन तासांच्या रस्त्यानं नांदेडला पाठवावा लागायचा. मशीनची अर्धी बटणं दाबली जाईनात. दुरुस्तीला हैदराबादहून माणूस येणार, तो कधी येईल ते त्यालाच ठाऊक. डॉक्टरांनी बाईंना फोन केला. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तू चल."

म्हणजे मी. मी वर्गात इकडंतिकडं बघितलं, कुणाची मान खाली गेली का म्हणून. गेली होती. आदिलाबादकडच्या सकाळच्या गाडीत मी ताठ बसून होतो, जणू मशीन नाही, मलाच कुठं बसवायला नेताहेत.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत टेबल. मी नळाला हात लावला. बॅटरी काढली. झाकण काढलं. बाई बाजूला स्टुलावर, हाताची घडी घालून. डॉक्टर दारात उभे. पहिली पट्टी पडद्याची. "कडी इथं, वर उघडते," मी जरा गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणालो आणि दांड्याच्या एका स्पर्शात उघडली. पट्टी अलगद बाहेर. डॉक्टर म्हणाले, "वा!" तो वा! नडला.

दुसरी पट्टी बटणांची. तिची खाच उंच, पांढरी, आणि कडी काही दिसेना. वरून बघितलं, बाजूनं बघितलं. नाही. "दिसत नसेल तर दोष डोळ्यांचा," हे डोक्यात पक्कं. शेवटी खाचेच्या बुडाशी एक बारीक कड दिसली. मी जाहीर केलं, "कडी इथं. सरकती." दांडा खाली घातला, डावा कान, उजवा कान, आळीपाळीनं, अगदी शिकवल्याप्रमाणं. हलेना. थोडा जोर लावला. जोर लागतोय हे हाताला कळत होतं, पण डॉक्टर बघत होते. अजून थोडा लावला.

टक्.

कडी उघडली नव्हती. अख्खी खाच बोर्डावरून उपटून आली होती, खालचे तांब्याचे बारके ठिपके मुळासकट घेऊन.

बाई उठल्या, भिंगातून बघितलं. पट्टी त्या खाचेत नुसती खुपसलेली होती. कडी नव्हतीच. दोन बोटांनी दोन्ही कडांना धरून सरळ ओढली असती तर निघाली असती. टोकावर काळा थर जमला होता, तो खोडरबरनं पुसला असता तर मशीन दहा मिनिटांत चालू झालं असतं.

नेमकं तेव्हाच पुढं गडबड झाली. एका म्हातारीला तिच्या लेकानं धरून आणलं होतं. छातीत दुखून राहिलं, घाम सुटला. डॉक्टर आत आले. "किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. तुम्ही थांबू नका," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिला गोळी दिली आणि जीप बोलावली. मी खिडकीतून ती जीप जाताना बघितली. आयुष्यात मी पुष्कळ टीव्ही मोडले आहेत, पण तेव्हा कुणी घाम पुसत जीपमध्ये बसलं नव्हतं.

डॉक्टर परत आले ते तापूनच. "कुणी मोडलं हे?"

"हात याचा. चूक माझी," बाई म्हणाल्या.

"बाई, विद्यार्थ्याला झाकू नका."

"मी काही झाकून नाही राहिले, डॉक्टरसाहेब. आहे ते सांगितलं. आता उजेड सोडा जरा."

मग त्यांनी पट्टीचं टोक खोडरबरनं पुसलं, एक जुनी वायर सोलली, तिच्यातला तांब्याचा केसाएवढा एक धागा वेगळा काढला आणि खाचेच्या पहिल्या पायापासून बोर्डावरच्या उरलेल्या रेषेपर्यंत जोडला. मग दुसरा. असे दहा. तीन तास त्या मानही न वळवता बसल्या होत्या. मी भिंग धरून उभा. हात भरून आला, पण हलवायची हिंमत नव्हती. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त मधूनमधून म्हणत, "वर... हां. राहू दे." त्या दहा धाग्यांमध्ये कुठंही एकाला दुसरा चिकटला नाही. पुढं मी खूप कारागीर पाहिले. तसं काम पाहिलं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो.

मशीन लागलं. सगळी बटणं चालली. पण तपासायचं कुणावर? डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं. मला टेबलावर आडवं केलं, छातीला वायरी चिकटवल्या. सरसर कागद निघाला. डॉक्टरांनी तो बघितला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "मशीन उत्तम आहे. पेशंट फार घाबरलाय."

संध्याकाळच्या गाडीसाठी स्टेशनकडं निघायच्या बेतात होतो तेवढ्यात जीप परत आली. म्हातारी स्वतःच्या पायांनी उतरली, पुढच्या सीटवरून. "हृदयाला काय बी न्हाई म्हणे. वायू हाय. एवढ्यासाठी नांदेड दाखवलं मला! कोन हाय त्यो मशीन मोडणारा?"

मी हात वर केला. एकेचाळिसाव्या वर्षी, शाळेतल्यासारखा.

तिनं मला खालपासून वर न्याहाळलं. "एवढा मोठा बाप्या! मला वाटलं एखादं लेकरू असंल."

गाडीत बाई खिडकीशी बसल्या. मी समोर. आता या सांगणार की पुढच्या रविवारपासून येऊ नको, आणि मी लातूरला जाऊन शटर ओढणार, एवढंच डोक्यात. भोकर गेलं तेव्हा त्या बोलल्या.

"जोर लागत होता ना?"

"हो, बाई."

"मग थांबला का नाहीस?"

"वाटलं, कडी असणारच. तुमच्या भिंतीवर लिहिलंय, कडीशिवाय दार नसतं."

बाईंनी बाहेर बघितलं. केळीच्या बागा मागं जात होत्या. मग म्हणाल्या, "असतं. मला पहिल्यापासून ठाऊक आहे. चार दारं आहेत. मी तीनच शिकवते."

"का पण?"

"चौथं ओढून उघडायचं असतं. पोरांना एकदा कळलं की ओढलं तरी चालतं, की ती सगळंच ओढतात. म्हणून ते दार सांगितलंच नाही. बावीस वर्षं." माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या, "मी तुमच्या हातांवर भरवसा ठेवला नाही. आणि शिकवत मात्र हातच होते."

मी म्हणालो, "बाई, पण मी जोर लावला ती माझी चूक."

"ती तुझीच," त्या लगेच म्हणाल्या. "तुझी तुझ्याकडं ठेव. माझी मला निस्तरू दे."

पुढच्या रविवारी मी भीतभीतच गेलो. भिंतीवरची वरची ओळ पुसलेली होती, खालची तशीच. टेबलावर बाईंच्या जुन्या वह्या. प्रत्येक वर्षाच्या मुलांची नावं त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेली होती. त्या दिवसापासून बाईंनी एकेकाला फोन करायला घेतलं. नंबर बदललेले, माणसं पांगलेली. एकाकडून दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. रोज दुपारी जेवण झालं की वही, चष्मा आणि फोन. कुणी किराणा टाकलेला, कुणी मस्कतला, कुणी शेतात. एकाच्या बायकोनं फोन उचलला. "ते रानात गेलेत." बाई म्हणाल्या, "हरकत नाही, तू लिहून घे." तिनं लिहून घेतलं आणि परत वाचूनही दाखवलं.

देगलूरला एक जण पोलीस झाला होता. तो म्हणाला, "बाई, मी आता कुठं मोबाइल खोलतो?"

"कधी खोललास तर? घे, लिही."

त्यानंच नंतर मला सांगितलं, "एवढ्या लोकांचे जबाब लिहून घेतले मी. पण आपण होऊन फोन करून, पत्ता शोधून असा कबुलीजबाब देणारं माणूस हे एकच."

नांदेडपासून लातूरपर्यंत आजही एखाद्या दुकानात गडी मोबाइल हातात घेण्याआधी उठून नळाकडं गेला, की मी ओळखतो. विचारतो, "कोणती बॅच?" तो सांगतो. मग मी माझी सांगतो आणि आम्ही दोघंही जरा ताठ होतो. माझं शटर खाली गेलं नाही. पातळ टीव्ही येतात, उघडतात, नीट मिटतात. थाप मी आता फक्त स्वतःच्या कपाळाला मारतो.

वह्यांचं काम संपायला चार महिने लागले. शेवटच्या वहीत शेवटच्या पानावर शेवटचं नाव माझं. एका दुपारी दुकानात फोन वाजला.

"मी बाई बोलून राहिले. वही-पेन घे."

"बाई, अहो मीच तो! हिमायतनगरला खाच उपटणारा! मला कशाला सांगता? मी होतो ना तिथं."

"नाव वहीत आहे ना तुझं?"

"आहे."

"मग घे लिहून."

समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला हातानं थांब म्हणालो, खुर्चीवरून उठलो आणि काउंटरवर वही उघडली. बाई सावकाश, शब्द तोडून सांगत होत्या, फळ्यावर लिहितात तशा.

"काही दारांना कडी नसते. तिथं पट्टी दोन्ही कडांनी धरून सरळ ओढायची. तिरकी नाही. झालं?"

"झालं, बाई."

"पुढं. हे मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

माझं पेन थांबलं. "हेपण लिहायचं, बाई?"

"तेच तर लिहायचं आहे," बाई म्हणाल्या. "वरचं काय, कुठल्याही पुस्तकात सापडेल."